ऐकणाऱ्या सहा, बहिऱ्या सहा

१

बाराच्या बारा वाट्या सारख्या निघाल्या, तिथेच घात झाला.

एखादी सडली असती, दोन-तीन सुकल्या असत्या, तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. प्रयोगशाळेत असं होतच असतं. पण त्या सोमवारी सकाळी डॉ. दुर्गेश्वरी बिसेन यांनी शेवटची वाटी मोजली, फरकाच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि तासाभरात संस्थेचे सचिव सेवकराम पटले एक टाईप केलेला कागद घेऊन दारात उभे राहिले. कागद त्यांच्या संशोधक विद्यार्थिनीच्या, रुचिकाच्या नावाचा होता. ‘जानेवारीतील प्रयोगाचे आकडे मी मनाने लिहिले, याची मी कबुली देते.’ खाली सहीसाठी रेघ. आकडे तपासायला विद्यापीठाचं पथक मंगळवारी बारा वाजता येणार होतं, त्याआधी सही हवी होती. सही केली तर पोरीची पीएच.डी. गेली आणि नावालाही कायमचा डाग. नाही केली तर प्रयोगशाळेला कुलूप.

दुर्गेश्वरीने हे सगळं फोनवर एका दमात सांगितलं. पलीकडे मुर्री गावातल्या घरी धुरपतामावशी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"रडून राहिली का पोरगी?"

"नाही मावशी. गप्प बसली आहे."

"मंग येतो मी. गप्प बसलेलं माणूस जास्त वाईट."

धुरपताबाई रहांगडाले यांनी एकतीस वर्षं सरकारी बीज तपासणी केंद्रात काढली होती. एका नमुन्याचे चारशे दाणे मोजायचे, ओल्या कागदावर मांडायचे, किती उगवले आणि किती नाही ते सांगायचं. या नोकरीत त्यांनी दोन बोगस बियाणेवाले पकडून दिले होते, आणि निवृत्तीच्या दिवशी भिंग परत करायला साफ विसरल्या होत्या. ते भिंग अजून पिशवीत असायचं. गुडघे मात्र कामातून गेलेले. ऑटोतून उतरताना त्यांच्या तोंडून "अगं आई" निघालंच.

वऱ्हांड्यात चढताना त्या क्षणभर थांबल्या. भिंतीला लागून झेंडूच्या दहा कुंड्या ओळीने ठेवल्या होत्या. अर्ध्या वऱ्हांड्यात चटका बसेल असं ऊन होतं, अर्ध्यावर पाण्याच्या टाकीची सावली.

"झेंडू छान एकसारखा आला आहे हो," त्या म्हणाल्या.

"मावशी, झेंडूचं काय घेऊन बसलीस!" दुर्गेश्वरी त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली.

२

आत उबवणीची पेटी होती, छोट्या फ्रिजएवढी, काचेच्या दाराची. दोन कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक स्टीलचं तबक आणि तबकात सहा चपट्या वाट्या.

"बकऱ्याच्या गुडघ्यातल्या पेशी आहेत या," दुर्गेश्वरी सांगू लागली. "आपण गुडघ्यातली गादी म्हणतो ना, ती कूर्चा. एकदा झिजली की शरीर ती पुन्हा नीट भरून काढत नाही. म्हणून आम्ही त्या पेशी वाटीत वाढवून बघतो. खालच्या कप्प्याखाली अल्ट्रासाऊंडच्या चकत्या आहेत. कानाला ऐकू न येणारा आवाज. रोज अकराला यंत्र आपोआप सुरू होतं, वीस मिनिटं चालतं, बंद होतं. रविवारी बंद. त्या आवाजाने पेशी जोमाने थर धरतात. वरच्या कप्प्याला काही नाही. नुसती ऊब."

"म्हणजे खालच्या ऐकतात अन् वरच्या बहिऱ्या."

"आम्हीही तसंच म्हणतो," दुर्गेश्वरी पहिल्यांदा हसली. पेटीच्या कप्प्यांवर खरंच दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: वर ‘बहिऱ्या’, खाली ‘ऐकणाऱ्या’. "जानेवारीत ऐकणाऱ्या स्पष्ट पुढे होत्या. रुचिकाने एकटीने मोजल्या, मला तेव्हा टायफॉइड झाला होता. आता मार्चमध्ये तोच प्रयोग केला, बारा दिवसांचाच, या वेळी मी स्वतः मोजल्या, तर फरक शून्य. सेवकरामजी म्हणतात, याचा एकच अर्थ होतो."

"एकच अर्थ घाईत असलेल्या माणसाले दिसते," धुरपताबाई म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळल्या.

रुचिका तिथे बसली होती. चोविशीची, आमगावची. सकाळी गावातल्या शाळेत तासिकांवर शिकवायची आणि साडेअकराला इथे हजर व्हायची. तो कबुलीचा कागद तिच्या मांडीवर होता. तिने तो चुरगाळलाही नव्हता.

"तू खोटे आकडे लिहिलेस का, माय?" धुरपताबाईंनी सरळ विचारलं.

"नाही मावशी."

"मंग काऊन गप्प बसली?"

"काय बोलू? आकडेच माझ्या विरोधात बोलून राहिले." ती कागदाच्या कडा सरळ करू लागली. "बाबांनी शेत दुसऱ्याकडे कसायला दिलं आणि मला शिकवलं. त्यांना काय सांगू, की पोरगी लबाड निघाली म्हणून?"

धुरपताबाई तिच्याजवळ गेल्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग लगेच तोच हात पुढे केला.

"आकडे दे. फरकाचे नको. प्रत्येक वाटीचे."

रुचिकाने दोन वह्या दिल्या. धुरपताबाईंनी भिंग काढलं, एक वही डाव्या मांडीवर घेतली, एक उजव्या. पाच मिनिटं एकेक रकाना ताडून पाहिला. मग त्यांनी दोन्ही वह्या धाडकन मिटल्या.

"एवढ्या शिकलेल्या बाया तुम्ही, अन् दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत?"

३

खरंच पाहिल्या नव्हत्या. सगळ्यांनी फरकाचा रकाना बघितला, शून्य दिसलं आणि कपाळाला हात लावला.

"जानेवारीत बहिऱ्यांचा थर चाळीस मायक्रॉनच्या आसपास," धुरपताबाई म्हणाल्या. "ऐकणाऱ्यांचा पंचावन्न. बरोबर? आता या वेळेस किती? बाराच्या बारा साठ. साठ, एकसष्ट, एकोणसाठ. यंत्र बंद असतं तर सगळ्या चाळीसवर बसल्या असत्या ना? या तर सगळ्या वर गेल्या आहेत. बहिऱ्या बहिऱ्या राहिल्याच नाहीत. त्याइनंही ऐकलं."

दुर्गेश्वरीने वही ओढून घेतली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पण... बकरा वेगळा असेल तर? तरुण जनावराच्या पेशी जास्त वाढतात."

"आहे का वेगळा?"

"नाही मॅडम," रुचिका उठून उभी राहिली. "एकाच बकऱ्याच्या आहेत. अर्ध्या जानेवारीत वापरल्या, अर्ध्या आपण गोठवून ठेवल्या होत्या."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "देखो बाईसाहेब, मामला सीधा है." सेवकरामजी आत आले. पांढरा सदरा, राइस मिलच्या कोंड्याची पुसटशी पूड खांद्यावर. माणूस वाईट नव्हता. संस्था त्यांच्या वडिलांनी उभी केली होती आणि तिच्या नावाला धक्का लागेल म्हटलं की त्यांचं डोकं गरम व्हायचं. "आमच्या मिलची थरथर इथवर येते. सारी जमीन हलते. वाट्या हलल्या, वाढल्या. इसमें क्या?"

"जानेवारीत मिल बंद होती का साहेब?"

"जानेवारीत? भर हंगाम! चोवीस तास चालू."

"मंग जानेवारीत बहिऱ्या चाळीसवर कशा काय राहिल्या?"

सेवकरामजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उद्या बारा वाजेपर्यंत मी थांबीन," ते म्हणाले. "पण माझ्या मते या पोरीनेच वरच्या वाट्यांनाही आवाज दिला असेल. काहीतरी गडबड करून झाकत असेल."

"की कुणी दुसऱ्याने," असं म्हणत धुरपताबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात एक तिशीचा माणूस सायकल टेकवून उभा होता आणि आत यावं की नाही अशा विचारात दिसत होता. दुर्गेश्वरीने हळूच सांगितलं, "इंद्रकुमार. यंत्र त्यानेच बनवलं आहे. शोधनिबंधावर त्याचं नाव नाही, म्हणून दोन महिने माझ्याशी नीट बोलत नाही. आणि खोलीची एक किल्ली त्याच्याकडे आहे."

४

इंद्रकुमारला धुरपताबाईंनी आत बोलावलं नाही. त्याच बाहेर गेल्या, फाटकावरच्या चौकीदाराशी दोन शब्द बोलल्या आणि इंद्रकुमारच्या सायकलच्या कॅरिअरला टेकून उभ्या राहिल्या. रागावलेल्या माणसाला त्याच्या जागेवर जाऊन विचारलं की तो खरं बोलतो, हा त्यांचा केंद्रातला अनुभव.

"चौकीदार म्हणतो, तू संध्याकाळी पाचनंतर येत होतास. रोज. सगळे गेल्यावर."

"येत होतो." तो जमिनीकडे बघत होता. "मॅडमला सांगितलं नाही."

"काऊन?"

"नाक कापल्यासारखं झालं असतं. बारीकशा कारणाने यंत्र दगा देऊन राहिलं असेल तर? म्हणून रोज येऊन मोजणी बघत होतो. यंत्रात मीटर आहे जी. किती वेळा चाललं ते नोंदते." त्याने खिशातून मळकी डायरी काढली. रोजची तारीख, रोजचा आकडा. बारा दिवस, बारा वेळा, प्रत्येक वेळी बरोबर वीस मिनिटं. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

"एका वेळेस किती वाट्या बसतात त्या चकत्यांवर?"

"सहा. सातवी ठेवाल तर तिला आवाजच पोचत नाही."

धुरपताबाईंनी डायरीकडे पाहिलं, मग आकाशाकडे. ओठ हलत होते, जणू दाणे मोजत होत्या.

"पोरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यंत्र बाराच वेळा चाललं. एका वेळी सहाच वाट्या. अन् बाराही वाट्याइनं ऐकलं. म्हणजे जेवण वाढवलं नाही कोणी. आहे तेच वाटून दिलं."

इंद्रकुमारने डायरी परत घेतली आणि आकडे पुन्हा वाचले. मग एकदम म्हणाला, "तबकं बदलली!"

आत येऊन त्यांनी रुचिकाला एकच गोष्ट विचारली: वाट्यांवर खूण काय? रुचिकाचा चेहरा उतरला. खूण नव्हती. डिसेंबरात बुरशी लागून सगळा माल फुकट गेला होता, तेव्हापासून पेटी आणि वाट्या रोज स्पिरिटने पुसायच्या असं ठरलं. स्पिरिटने मार्करची शाई जाते. म्हणून कंटाळून चिठ्ठ्या कप्प्यांवर लावल्या. वरचं तबक बहिरं, खालचं ऐकणारं. तबकं एकसारखी, वाट्या एकसारख्या.

"हे मीच चालेल म्हटलं होतं," दुर्गेश्वरी म्हणाली. तिने डोळे मिटले.

"फोटो?" धुरपताबाईंनी विचारलं. "रोज काढतेस का?"

"रोज चारला. दोन्ही कप्प्यांचे." रुचिकाने फोन दिला.

धुरपताबाईंनी फोनवर भिंग धरलं. सगळे भोवती जमले, अगदी सेवकरामजीसुद्धा. पहिला सोमवार. खालच्या तबकात, उजव्या कोपऱ्यातल्या वाटीच्या झाकणाची कडा जराशी फुटलेली, नखाएवढी कपची उडालेली. मंगळवार. खालच्या तबकात तशी वाटीच नाही.

"वर बघा," रुचिका कुजबुजली.

फुटक्या कडेची वाटी वरच्या कप्प्यात होती. बुधवारी पुन्हा खाली. गुरुवारी वर. बारा दिवस, रोज, न चुकता, ती वाटी जिना चढत-उतरत होती.

सेवकरामजींनी घसा साफ केला. "ठीक है. बदलली. पण कोणी? आणि कशासाठी? पथक उद्या हेच विचारेल. नाव लागेल मला, नाव! नाहीतर म्हणतील, रुचिकानेच बदलली आणि फोटोही तिनेच काढले."

५

तबकं बदलायची तर ती रोज पेटीबाहेर काढायला हवीत. रुचिका ती बदलून स्वतःचेच जानेवारीचे आकडे खोटे पाडणार नाही. इंद्रकुमारने बदलली असती तर ‘तबकं बदलली’ हे तोच पहिल्यांदा बोलला नसता. दुर्गेश्वरी दहा ते बारा वर्गात शिकवते, आणि स्वतःचाच प्रयोग ती कशाला बिघडवेल? मग उरतं कोण?

धुरपताबाई वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसल्या. चहा आला. चहा आणणारी शामकला, दरेकसा गावची, पस्तिशीची, हसरी. फेब्रुवारीत कचारगडची जत्रा आटोपल्यावर कामाला लागलेली. आधीची मदतनीस देवकाबाई जानेवारीअखेर निवृत्त झाली, तिच्या जागी ही. सकाळच्या गाडीने येते, खोली झाडते, पेटी पुसते, कुंड्यांना पाणी घालते, दुपारच्या गाडीने जाते. तिच्याकडे कुणी संशयाने पाहिलंच नव्हतं. खरं तर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

धुरपताबाईंनी चहाचा घोट घेतला आणि समोरच्या झेंडूकडे बघत राहिल्या. दहा कुंड्या. पाच उन्हात, पाच टाकीच्या सावलीत. सावलीतला झेंडू लांबट, फिकट, बिनफुलांचा असायला हवा. एकतीस वर्षं रोपं बघणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको. आणि इथे दहाही झाडं एका उंचीची, दहाही फुलांनी लगडलेली. येताना पहिल्याच पावलाला त्या हेच बघून थबकल्या होत्या, आणि दुर्गेश्वरीने हाताला धरून आत ओढलं होतं.

"शामकला," त्यांनी सहज विचारलं, "कुंड्या हलवतेस का गं तू?"

"हो जी. रोज. सावलीतल्या उन्हात, उन्हातल्या सावलीत. नाही तं एकीकडचे पोसतात अन् एकीकडचे तसेच राहतात."

"कोणी शिकवलं?"

"शिकवाले काय लागते? मोहफुलं वाळवतो ना आमी. आंगणात झाडाची सावली पडते. सावलीतलं सूप उन्हात नाही सरकवलं तं त्याच्यातली फुलं सडतात. माय लहानपणापासून ओरडे, सूप फिरव, सूप फिरव."

धुरपताबाईंनी कप खाली ठेवला.  त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर शामकला घाबरली असती, आणि घाबरलेलं माणूस काहीही कबूल करतं, काहीही नाकारतं. त्यांना उद्याची सकाळ हवी होती.

"उद्या पेटी पुसशील ना नेहमीसारखी?"

"पुसीन ना जी. कायले नाही?"

त्या आत गेल्या आणि दुर्गेश्वरीला म्हणाल्या, "उद्याचा दहाचा वर्ग दुसऱ्याले दे. रुचिकाला म्हणा, शाळेतून रजा घे. अन् सेवकरामजींना म्हणा, दहाला या. काही बोलायचं नाही, फक्त बघायचं."

"कोण आहे मावशी? सांग ना!"

"उद्या ती स्वतःच दाखवील," धुरपताबाई म्हणाल्या. "फक्त तिच्यावर कोणी ओरडायचं नाही. ओरडलात तर मी उठून जाईन, अन् हे गुडघे घेऊन उठणं म्हणजे मला फार राग आला आहे असं समजा."

६

मंगळवारी दहाला दुर्गेश्वरी, रुचिका, सेवकरामजी आणि इंद्रकुमार असे चौघं काचेच्या पार्टिशनमागे उभे होते. पाचव्या धुरपताबाई, स्टुलावर.

शामकला आली. हात धुतले, हातमोजे चढवले. पेटीचं दार उघडलं. वरचं तबक दोन्ही हातांनी अलगद काढून ओट्यावर ठेवलं, त्याच्या शेजारी खालचं. एकाही झाकणाला हात लावला नाही, तसं तिला बजावलेलं होतं. दोन्ही कप्पे स्पिरिटने पुसले, कोपरे पुसले, वाट्या बाहेरून पुसल्या. मग खालचं तबक उचललं आणि वर ठेवलं. वरचं उचललं आणि खाली ठेवलं. दार लावलं, दाराची काच पुसली, आणि मागे वळली तर पाच माणसं तिच्याकडे बघत होती.

"काय झालं जी?" तिचा चेहरा पांढरा पडला. "काही फुटलं काय?"

रुचिका धावत गेली आणि तिने शामकलाला मिठीच मारली. बिचारी शामकला आणखीनच घाबरली.

"तबकं का बदलतेस बाई?" दुर्गेश्वरीने शक्य तितक्या हळू विचारलं.

"बदलाचे नोहोत काय?" शामकला सगळ्यांकडे आळीपाळीने बघू लागली. "मले सांगतलं, तबकं काढ, पूस, ठेव. मंग मीनं पाह्यलं, खालच्याइले रोज शेक भेटते, यंत्राचा निळा दिवा लागते. वरच्याइले काहीच नाही. मंग ते कसे वाढतीन? म्हणून आज हे खाली, उद्या ते खाली. साऱ्याइले सारखं."

"चिठ्ठ्या दिसल्या नाहीत?" इंद्रकुमारने विचारलं.

"दिसल्या ना. ‘ऐकणाऱ्या’ अन् ‘बहिऱ्या’. मले वाटलं, ते कप्प्याचं नाव होय."

ते कप्प्याचंच नाव होतं. यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"अन् देवकाबाई?" सेवकरामजींनी विचारलं. "ती कशी पुसायची?"

"तिचं मनगट दुखायचं," रुचिकाला आठवलं. "एका वेळी एकच तबक काढायची. पुसायची, परत तिथेच ठेवायची. मग दुसरं."

म्हणून जानेवारीचे आकडे खरे होते. रुचिकाचा प्रत्येक आकडा खरा होता. सेवकरामजींनी रुचिकासमोर येऊन हात जोडले. "बेटा, घाईत मी... माफ कर." एवढ्या मोठ्या माणसाने हात जोडलेले बघून रुचिकाला कालपासून थोपवलेलं रडू आलं, आणि या वेळी तिने ते थोपवलं नाही.

पण धुरपताबाई अजून स्टुलावरच होत्या.

"माफी झाली, आता हिशोब बघा," त्या म्हणाल्या. "जानेवारीत ऐकणाऱ्या वाट्याइनं बारा दिवस रोज ऐकलं अन् पंचावन्नवर पोचल्या. मार्चमध्ये प्रत्येक वाटीनं ऐकलं फक्त सहा दिवस. एक दिवस आवाज, एक दिवस आराम. अन् पोचल्या साठवर. निम्म्या आवाजात जास्त वाढ. हे कसं काय?"

 दुर्गेश्वरीने वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"आराम," ती म्हणाली. "पेशींना मधे विसावा मिळाला. मावशी, आम्ही विसाव्याचा विचारच केला नव्हता!"

"धानाचं बियाणं भिजवतात ना, तसंच असेल. सारखं पाण्यात ठेवलं तर कुजते. भिजवायचं, निथळायचं, वारा द्यायचा, पुन्हा भिजवायचं. मी आपली अडाणी अटकळ करते हो. खरं-खोटं तुम्ही मोजून ठरवा."

बाराला पथक आलं. विद्यापीठाच्या मॅडमनी फोटो पाहिले, इंद्रकुमारची डायरी पाहिली, फुटक्या कडेची वाटी स्वतः हातात घेतली. चूक लपवली नाही याबद्दल त्यांनी दुर्गेश्वरीला एक शब्द चांगला सांगितला आणि वाट्यांवर खूण नसल्याबद्दल चार शब्द कडक सुनावले. दोन्ही दुर्गेश्वरीने ऐकून घेतले. मग मॅडम म्हणाल्या, "एका चुकीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पुन्हा करा. पेटीत तिसरा कप्पा करून घ्या, त्याखालीही चकत्या. तीन तबकं. एक रोज ऐकणारं, एक दिवसाआड ऐकणारं, एक बहिरं. खूण प्रत्येक वाटीच्या बुडाला, कोरून. मग मला कळवा."

"म्हणजे प्रयोगशाळा चालू?" सेवकरामजींनी विचारलं.

"बंद करायचा विचार कुणी केला होता?"

सेवकरामजी खिडकीबाहेर बघू लागले.

पथक गेल्यावर रुचिका नव्या प्रयोगाचं वेळापत्रक आखायला कागद शोधू लागली. टेबलावर तो कबुलीचा कागद पडला होता. तिने तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने पट्टीने तीन रकाने आखले, बारा तारखा लिहिल्या आणि खाली कामाची माणसं लिहिली: डॉ. दुर्गेश्वरी बिसेन, रुचिका कटरे, इंद्रकुमार. आपलं नाव वाचून इंद्रकुमारने सायकलची किल्ली तीनदा या खिशातून त्या खिशात घातली. चौथ्या ओळीवर रुचिकाने लिहिलं: शामकला, दिवसाआड पद्धत. मग पेन शामकलापुढे धरलं.

"सही कर."

"मी नाही करत बाप्पा," शामकला मागे सरकली. "कागदावर सही केली का माणूस फसते."

"हा कागद तसाच होता खरा," धुरपताबाई म्हणाल्या. "पण त्याची ती बाजू आता खाली गेली आहे."

शामकलाने सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. मग तिने तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ह्या बहिऱ्या सहा. याइले काहीच नाही भेटणार? बारा दिवस?"

"काहीच नाही," दुर्गेश्वरी म्हणाली. "त्या मागे राहिल्या तरच कळेल, बाकीच्या किती पुढे गेल्या. त्यांचंही काम आहे ते."

शामकलाला ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण तिने मान हलवली.

सेवकरामजी जाता जाता दारात थांबले. "डॉक्टर, माझ्या आईचे गुडघे... चिखलात धानाची रोवणी करून पार गेले. हे तुमचं औषध कधी होईल?"

"बरीच वर्षं लागतील साहेब. आत्ता फक्त वाटीत आहे, तेही बकऱ्याचं. खोटं सांगणार नाही."

"पण होईल?"

दुर्गेश्वरीने पेटीकडे पाहिलं. "काल विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. आज वाटतं, होईल."

एप्रिलच्या शेवटी धुरपताबाईंचा फोन पुन्हा वाजला. त्या सुपात तांदूळच निवडत होत्या. पलीकडून रुचिका इतक्या मोठ्याने बोलत होती की फोन कानापासून लांब धरावा लागला. बहिऱ्या एकेचाळीस. रोज ऐकणाऱ्या चौपन्न. दिवसाआड ऐकणाऱ्या बासष्ट. दुर्गेश्वरीने मोजल्या, मग तिने स्वतः मोजल्या, आणि मग विद्यापीठाच्या माणसाने येऊन खुणा न बघता मोजल्या. तिन्ही वेळा तेच.

"अन् शामकला काय म्हणते?"

"ती खुश आहे, पण काल प्रयोग संपल्याबरोबर तिने विचारलं, आता तरी त्या बहिऱ्यांना खाली ठेवू का म्हणून."

"मंग?"

"मॅडम हो म्हणाल्या. आजपासून त्याही ऐकून राहिल्या आहेत."

धुरपताबाई हसल्या, फोन ठेवला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. अंगणात तांदळाची दोन सुपं होती, एक उन्हात, एक सावलीत. त्यांनी दोन्ही उचलली आणि जागा बदलली.